वेचणीचा काटा कोणाच्या हातात? विदर्भातील मजूर स्त्रिया, माप आणि नोंद

पऱ्हाटी (धागाकर्ती)

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहते आणि बचत गटाच्या कामामुळे तालुक्यातील मजुरी करणाऱ्या स्त्रियांशी माझा वर्षभर संबंध येतो. असंघटित क्षेत्रातील स्त्रियांविषयी बोलणे निघाले की चर्चा बहुधा रोजाच्या दरावर येऊन थांबते. गड्याला किती, बाईला किती, आणि दोघांत एवढी तफावत का? हा प्रश्न खरा आहे, आणि १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा होऊनही तो गावोगाव तसाच उभा आहे. परंतु आमच्याकडील बायांची बरीचशी कामे आता रोजाने राहिलेलीच नाहीत. कापूस किलोवर वेचला जातो, सोयाबीनची सोंगणी एकराच्या गुत्त्याने (ठेक्याने) होते, पूर्वेकडे धानाची रोवणीही पुष्कळ ठिकाणी एकरावर ठरते, तेंदूपान पुड्यावर मोजले जाते आणि विडी हजारावर. जिथे मजुरी मापावर ठरते, तिथे माप कोण करतो, कशाने करतो आणि त्याची नोंद कोणाजवळ राहते हा प्रश्न दराइतकाच मोठा आहे, असे माझे मत आहे. त्यावर सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढते आहे.

कापूस वेचणी मी जवळून पाहते, म्हणून तिच्याविषयीच लिहिते. दिवाळीच्या आगेमागे सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होते आणि पहिली वेचणी लागते. बाई कमरेला ओटी बांधते आणि दोन ओळींच्या मधून चालत दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढते. वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला रुततात, त्यामुळे हंगामभर बोटांवर बारीक चिरा राहतात आणि रात्री भाकरी थापताना त्या झोंबतात. पालापाचोळा कापसात येऊ द्यायचा नाही, कवडी (खराब कापूस) वेगळी ठेवायची, ओटी भरली की धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) आपल्या गाठोड्यात रिकामी करायची, असे दिवसभर चालते. ऊन उतरू लागले की बाभळीच्या फांदीला ताणकाटा अडकवतात आणि एकेक गाठोडे त्याला लावतात. काटा अठरा आणि एकोणिसाच्या मध्ये थरथरत असताना मालक "अठरा" म्हणतो आणि डायरीत अठरा लिहितो. गाठोड्याच्या फडक्याचे वजन म्हणून त्यातून कडता निघतो. फडके पाव किलोचेही नसते, पण कडता अर्धा किलो किंवा एक किलो असा ठोक असतो. सकाळचा कापूस दवाने ओला होता म्हणून आणखी काही उतरवले तर त्यावर वाद घालायला बाईजवळ काहीच नसते. काट्याकडे पाहणारा तो, लिहिणारा तो आणि डायरी घरी नेणाराही तोच. पैसे बाजाराच्या दिवशी एकदम मिळतात, आणि त्या दिवशी डायरी आणि बाईची आठवण यांचा मेळ बसला नाही तर डायरीच खरी ठरते.

यातील प्रत्येक घट लहान असते, पण ती नेहमी एकाच बाजूला झुकते. अठरा आणि एकोणिसाच्या मध्ये थांबलेला काटा एकोणीस म्हणून लिहिला गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कायद्याचे दोन आधार इथे मांडते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १७ मध्ये म्हटले होते की ज्या कामासाठी वेळेनुसार किमान वेतन ठरलेले आहे ते काम नगावर किंवा मापावर करून घेतले, तरी मजुराला वेळेनुसार ठरलेल्या किमान वेतनाहून कमी देता येणार नाही. २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता लागू झाली, आणि तिच्यातही ही तरतूद आहे. दुसरा आधार २००९ च्या वैधमापन कायद्याचा आहे. व्यवहारात वापरायच्या वजनमापांची पडताळणी झालेली असावी आणि त्यांवर मुद्रा (पडताळणीचा शिक्का) असावी, असे हा कायदा सांगतो, आणि ‘व्यवहार’ याच्या व्याख्येत केवळ खरेदी-विक्री येत नाही, केलेल्या कामाचे आणि देय मजुरीचे मूल्यमापनही येते. म्हणजे किराणा दुकानातील काट्याला जो नियम लागू आहे तोच बाभळीला अडकवलेल्या ताणकाट्यालाही लागू होतो. मी गटातील बायांना हे सांगितले तेव्हा त्यांपैकी एकीनेही ते पूर्वी ऐकलेले नव्हते.

तुमच्या भागात माप कसे होते, वाद कुठे होतो, आणि स्वतःची नोंद स्वतः ठेवणाऱ्या बाया कुठे आहेत का, हे कृपया लिहावे.

काळी_माती

ताई, विषय महत्त्वाचा आहे, पण मालकाची बाजूही इथे यायला हवी. माझे यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू वावर आहे आणि मी वेचणीत कडता घेतो. तो का घेतो हे सांगतो. आम्ही कापूस घेऊन जातो तेव्हा आमच्या मालाचाही ओलावा मोजला जातो. कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भाव उतरत जातो आणि बाराच्या वर माल घेतच नाहीत. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, पण ज्याला पैशाची निकड आहे तो खेडा खरेदीवाल्याला त्याहून कमी भावात घरूनच कापूस देतो, आणि तोही त्याच्या काट्यावर, त्याच्या कडत्याने. आमच्या डोक्यावरचा काटा आमच्या हातात नसतो. वरून जे कापले जाते ते खाली उतरत जाते आणि सगळ्यांत खाली वेचणारी बाई असते. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण मालक लबाड आहे एवढेच म्हणून तुमचा हा धागा पुढे जाणार नाही.

आणखी एक सांगायचे आहे. गुत्ता आणि किलोचा दर बायांनीही मागून घेतलेला आहे. घरचे आटोपून दहाला आले तरी चालते, हात चालणारी बाई रोजापेक्षा जास्त मिळवते, आणि ऐन वेचणीत मजूर मिळत नाहीत तेव्हा दर त्याच ठरवतात. त्या दिवसांत आम्ही ऑटो पाठवून दुसऱ्या गावाहून बाया आणतो.

पऱ्हाटी

भाऊ, तुम्ही मोकळेपणाने लिहिले याबद्दल आभार. कडता वरून खाली उतरतो हे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. परंतु तो खाली उतरताना त्याचे वजन वाढते, याकडे लक्ष वेधते. तुमच्या कापसात दोन टक्के ओलावा जास्त निघाला तर त्या प्रमाणात तुमचा भाव उतरतो, आणि तेही यंत्राने मोजून. बाईच्या वीस किलोंमागे एक किलोचा ठोक कडता गेला तर तिची पाच टक्के मजुरी जाते, म्हणजे वीस दिवस वेचणी केली तर त्यातील एक दिवस तिने फुकट काम केले. ओलावा असो वा नसो, माघाच्या उन्हात कापूस खडखडीत वाळलेला असतानाही हा कडता तेवढाच राहतो.

यावर उपाय अवघड नाही. सकाळी प्रत्येकीचे रिकामे फडके एकदा काट्याला लावावे आणि तेवढाच कडता धरावा. दवाचा प्रश्न असेल तर पहिल्या दोन तासांचा कापूस वेगळा पसरवून नंतर मोजता येतो. आणि काट्यावरचा आकडा मालकाने एकट्याने न वाचता मोठ्याने वाचावा, म्हणजे बाईलाही तो दिसेल आणि ऐकू येईल. ऐन वेचणीत बायांची बाजू वरचढ असते हे खरे, पण ते दिवस थोडे असतात. निंदणाच्या दिवसांत त्याच बाया त्याच दारात काम मागायला येतात, आणि म्हणून वेचणीत भांडायला त्या कचरतात.

झाडीपट्टी

या धाग्यावर विडीचा विषय सविस्तर यायला हवा, कारण मापाचा हा वाद भंडारा-गोंदियात फार पूर्वीच न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कारखानदार सट्टेदारामार्फत तंबाखू, पान आणि सूत देतो. बाई घरी पान भिजवते, कात्रीने कापते, तंबाखू भरून वळते, तोंड मुडपून सूत बांधते आणि हजारावर मजुरी घेते. माझी आई आणि दोन्ही काकू हे काम करत, आणि दुपारी आमच्या ओसरीवर सुपे मांडीवर घेतलेल्या सहा-सात बाया बसलेल्या असत. पान खराब आले तर ठरलेल्या पानात हजार विड्या भरत नाहीत आणि उरलेले पान बाईला पदरच्या पैशाने घ्यावे लागते. विडी जमा करताना सट्टेदार त्यातल्या काही विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. छाट विडीची मजुरी मिळत नाही आणि ती विडी परतही मिळत नाही. वळण्याची मेहनत बाईची, पान कमी पडले तर तेही तिचेच, आणि छाट कोणती हे ठरवणार सट्टेदार.

विदर्भ मुंबई राज्यात असताना १९५८ मध्ये सरकारने इथल्या विडी कामगारांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली आणि तीत दराबरोबर छाटीविषयीचे नियमही घातले. गोंदियाच्या विडी व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतन कायद्याखाली सरकार दर ठरवू शकते, पण छाटीसंबंधीचे हे नियम त्या अधिकारात बसत नाहीत. दर टिकला आणि मापाचे नियम गेले. बाईच्या हातात हजारामागे किती पडणार हे छाटीवरच ठरत असताना वेतन वेगळे आणि छाट वेगळी अशी वाटणी झाली. पुढे १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात घरी काम करणाऱ्या बाईला कामगार मानले गेले आणि कच्चा माल, नाकारलेली विडी व तिची मजुरी यांविषयीचे वाद सोडवण्याची तरतूद कलम ३९ मध्ये आली. पऱ्हाटीताई जे म्हणत आहेत ते संसदेने विडीपुरते तेव्हाच मान्य केले आहे. कापूस, सोयाबीन, मिरची यांच्यासाठी असे कलम कोणी मागितले नाही, कारण ती कामे हंगामी आहेत आणि मालक हजारो आहेत.

नोंदीचेही तसेच आहे. ज्या बाईचे नाव कारखान्याच्या पुस्तकात आहे तिला ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला. जिच्या विड्या सट्टेदाराने दुसऱ्याच्या नावावर चढवल्या तिला आयुष्यभर वळूनही काही मिळाले नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवरचा उपकर बंद झाला, आणि कामगारांचे दवाखाने व मुलांच्या शिष्यवृत्त्या ज्या कल्याण निधीतून चालत त्याचा स्वतःचा झराच आटला.

धानाची_बांधी

रोवणीच्या गुत्त्याविषयी थोडक्यात लिहिते. एकराचा भाव ठरतो, पण बांध्या (धानाच्या शेताचे बांध घातलेले तुकडे) वाकड्यातिकड्या असतात आणि एकर मालकाच्या तोंडचा असतो. आमच्या टोळीला दोन वेळा असा अनुभव आला की एक एकर म्हणून सांगितलेले शेत संपता संपेना. आता आमची टोळीवाली बाई पऱ्हे (धानाची रोपे) उचलण्याआधी सातबारावरचे क्षेत्र विचारते आणि शंका वाटली तर दोरीने मोजून घेते. सुरुवातीला लोक नाराज झाले, पण रोवणी वेळेवर हवी असते, म्हणून ऐकतात.

मिरचीच्या सातऱ्यावरही (देठ खुडण्याच्या जागीही) मी बसले आहे. तिथे देठ खुडलेल्या मिरचीच्या वजनावर पैसे मिळतात. मिरची जितकी वाळलेली तितके वजन कमी आणि खुडायला वेळ तेवढाच, किंबहुना जास्त लागतो.

वैनगंगा_काठ

तेंदूच्या हंगामाविषयी गडचिरोलीकडून लिहितो. एप्रिल-मे महिन्यांत घरेच्या घरे पहाटे जंगलात जातात, दुपारी सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर (पान जमा करण्याच्या जागी) नेतात. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात आणि दर तिच्यावर ठरतो. ठेकेदाराच्या फळीवर मुन्शी पुडे हाताने चाचपून घेत असे, बारीक किंवा फाटके पान दिसले की पुडा फेकत असे आणि शेकड्यामागे काही पुडे जास्तीचे मागत असे. त्याच्याशी वाद घातला तर दुसऱ्या दिवशी आपले पान शेवटी मोजले जाईल, ही भीती प्रत्येक बाईला असे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबूसह गौण वनोपजावरचा हक्क ग्रामसभेकडे आला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर जिल्ह्यातील पुष्कळ ग्रामसभांनी तेंदूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. त्याने काय बदलले हे विचाराल तर सगळ्यांत आधी मोजणी बदलली, असे मी सांगेन. फळीवर गावचा माणूस बसला, मोजणी चारचौघांसमोर होऊ लागली आणि जास्तीचे पुडे घेण्याच्या रीतीवर ग्रामसभेत प्रश्न विचारता येऊ लागला. व्यापारी पैसे थकवतो, लिलावाला कोणी येत नाही, या अडचणी आहेतच आणि त्या लहान नाहीत. पण माप आपल्या माणसाच्या हातात असल्याचा फरक आमच्या बाया स्वतः सांगतात.

तरीही एक गोष्ट राहून गेली. पुड्यांचे कार्ड बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाचे असते आणि पैसेही त्याच्याच खात्यात येतात. पान तोडणारी आणि बांधणारी बाई नोंदीत नसतेच. कुटुंबाच्या कार्डावर पती-पत्नी दोघांची नावे असावीत आणि बोनस बाईच्या खात्यात जावा, असा ठराव आमच्या ग्रामसभेने करावा, म्हणून आम्ही काही जण प्रयत्न करतो आहोत. अजून तो झालेला नाही.

धुरा

मला एक भीती वाटते. बायांनी स्वतःच्या नोंदीच्या वह्या आणि शिक्क्याचे काटे मागायला सुरुवात केली तर मालक यंत्राकडे वळतील. सोयाबीनला हार्वेस्टर आलेच आहे. परवानगी नसलेले तणनाशकरोधक कपाशीचे बियाणे चोरून येते, त्यावर तणनाशक मारले की निंदणाचे महिनाभराचे काम जाते. ज्यांच्या हातात आज थोडे तरी काम आहे त्यांच्यावर आपण हे ओझे टाकतो आहोत का?

पऱ्हाटी

तुमची भीती खोटी नाही. परंतु तणनाशक आणि हार्वेस्टर आले तेव्हा कोणत्याही बाईने वही मागितलेली नव्हती. यंत्र मजुरीच्या एकूण खर्चावर आणि मजूर वेळेवर मिळण्यावर ठरते, आणि फडक्याचे खरे वजन धरल्याने तो खर्च एवढा वाढत नाही. वेचणीसाठी आपल्या लहान वावरांत चालेल असे यंत्र अजून रुळलेले नाही, त्यामुळे किमान या कामापुरते तरी बोलायला आज जागा आहे.

ओलीत

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारा गड्याच्या पाठीवर असतो, पण ड्रममध्ये पाणी ओतणारी आणि औषध कालवताना शेजारी उभी राहणारी बहुतेक वेळा बाई असते, आणि त्याच आठवड्यात त्याच कपाशीत ती निंदतही असते. तिला मळमळ, चक्कर झाली तर ती उन्हाने झाली असे घरचे म्हणतात. ती कोणत्या दिवशी कोणाच्या वावरात होती हे कुठेच लिहिलेले नसेल तर डॉक्टरला विचारता येत नाही आणि पुढे भरपाईही मागता येत नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, पण ती सातबारा असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. भूमिहीन बाईला दुसऱ्याच्या वावरात साप चावला तर ती या योजनेत बसत नाही. म्हणून प्रत्येक बचत गटाने आपल्या सदस्यांचा वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा खात्यातून कापला जातो की नाही हे तपासावे. खात्यात वेळेवर शिल्लक नसल्याने तो बंद पडल्याचे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. ई-श्रम कार्डही काढून ठेवावे, पण कार्ड म्हणजे विमा नव्हे, हे सांगावे लागते.

ऑटोने परगावी जाणाऱ्या बायांसाठी एक माहिती देतो. मालकाकडून किंवा मुकडदमाकडून छेडछाड झाली तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्यातील स्थानिक तक्रार समितीकडे जाता येते. शेतमजूर बाईलाही तो हक्क आहे.

काळी_माती

फडके वजन करून कडता धरण्याची सूचना मला मान्य आहे, या हंगामात मी ते करीन. वहीचे मात्र एक सांगतो. मालकाची सही मागाल तर पुष्कळ जण बिथरतील, सही म्हटली की कोर्टकचेरी आठवते. त्याऐवजी माझ्या डायरीत आणि बाईच्या वहीत एकाच वेळी, एकाच जागी आकडा लिहिला जावा. दोन्हीकडे तोच आकडा असला की सहीची गरज उरत नाही.

पऱ्हाटी

भाऊ, ही सूचना उत्तम आहे आणि तीच स्वीकारते. आमच्या दोन गटांत वहीचा नमुना असा ठरतो आहे : तारीख, वावर कोणाचे, काट्यावरचे वजन, फडक्याचा कडता, दर, मिळालेले पैसे आणि बाकी. त्यात ओलीत यांच्या सूचनेप्रमाणे त्या वावरात फवारणी कधी झाली याचा एक रकाना वाढवते. ज्या बायांना लिहिता येत नाही त्यांच्या टोळीत दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी असतेच. ती सगळ्यांचे लिहील आणि त्यासाठी टोळीने तिला थोडे पैसे द्यावेत, असे बायांनीच सुचवले आहे. मुद्रा असलेला एक इलेक्ट्रॉनिक काटा गटाच्या पैशातून घेण्याविषयी पुढच्या बैठकीत बोलणार आहोत, म्हणजे ज्या मालकाकडे चांगला काटा नसेल त्याच्या वावरात तो नेता येईल.

रोवणी आणि सोंगणीच्या गुत्त्याला वेगळे रकाने लागतील, कारण तिथे एकराचा पैसा टोळीत वाटला जातो आणि अर्धा दिवस आलेल्या बाईचा हिस्सा कसा धरायचा यावर टोळीतच वाद होतात. धानाची_बांधी, तुमच्या टोळीत तो कसा धरतात ते सविस्तर लिहाल का? तेवढे कळले की दोन्ही नमुने इथे टाकते.